बावीस माणसांचा डेटाबेस

फळ्यावर तीन गोल काढल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. गोल काढायचे, बाणांनी जोडायचे, मार्करचं टोपण खटकन लावायचं आणि म्हणायचं, "लहान विचार करू नका." असा एखादा साहेब तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

आमचं ऑफिस मुंबईत दादरच्या हिंदमाताला, साड्यांच्या घाऊक दुकानाच्या माळ्यावर. मी कॉम्प्युटर सांभाळायचो, ते माझे साहेब. शेठनी स्वतःचा मेल सर्व्हर बसवायचं ठरवलं. प्रश्न एवढाच, की लोकांची खाती कुठल्या डेटाबेसमध्ये ठेवायची. माणसं बावीस.

मी म्हटलं, "साहेब, त्याच मशीनवर छोटा डेटाबेस पुरेल. एका फाइलीत मावेल सगळं."

"आणि उद्या बावीस हजार झाले तर?"

"साड्या विकायला?"

"लहान विचार करू नका."

बावीस हजार माणसं आली असती तर माळा खालच्या शालूंवर कोसळला असता. पण शेठना गोल आवडले. गोलाला एक अशा तीन मशीन आल्या. तिन्हींवर तीच खाती, आणि त्यांतल्या दोघींचं एकमत झालं तरच माणसाला मेल उघडणार. आम्हाला मात्र एकमेकांशी बोलायला दोन पावलं पुरत.

मग एकदा वीज गेली. परत आली तेव्हा दोन मशीन उठल्याच नाहीत. तिसरी एकटी निर्णय घेईना. कुणालाच मेल उघडेना, नवी मेलही बाहेरच ताटकळली.

"छोटा डेटाबेस लावू का?" मी विचारलं.

"तात्पुरतं काही नको. डिझाइन बिघडेल."

डिझाइन जपत साहेब दोन दिवस बसले. विक्री बघणाऱ्या सविताताई सारख्या विचारत, "नागपूरच्या व्यापाऱ्याची मेल आली का हो?" साहेब म्हणत, "येईल." तिसऱ्या दिवशी ताईंनी नागपूरला फोन केला, तर लग्नसराईची ऑर्डर सुरतेला गेली होती. मेलवर भाव विचारून उत्तर नाही, म्हणजे यांना रस नाही, असं त्या व्यापाऱ्याला वाटलं.

साहेबांनी ताईंना फळ्यापाशी नेलं. "निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता."

"साहेब, मला हे गोल नका दाखवू. तो माणूस मी जोडला होता. मुलीच्या लग्नाला बोलावलं होतं त्यानं मला."

शेवटी शेठनीच मला छोटा डेटाबेस लावायला सांगितलं. दुपारच्या चहापर्यंत बावीसच्या बावीस जण छोट्या डेटाबेसवर आले. "तात्पुरतं आहे," साहेब म्हणाले. तो अजून चालतोय.

पुढं त्यांना वरळीला मोठी नोकरी लागली. अशांना लागतेच. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले आणि ताईंच्या टेबलापाशी जरा जास्तच रेंगाळले.

"नागपूरवाले परत आले का?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, बॅग काखेत धरली आणि जिन्यानं खाली गेले. ताईंनी फोन उचलून पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला सुरुवात केली.