पडलेल्या पैलवानांचे सदरे

मंडळी, धंद्याची जाहिरात कशी करावी, असं इथं कुणी ना कुणी विचारत असतं. आज उंब्रजच्या जत्रेत काय झालं ते ऐका.

माझी सून सुजाता शिवणकाम करते. दुकान नवीन, म्हणून कुस्त्यांच्या मैदानात पत्रकं वाटत होती. लोकांनी तीच अंथरून त्यांवर बूड टेकलं! पोरीचा चेहराच उतरला.

मग तिला आमच्या आण्णांचं सांगितलं. माझे वडील, तेही शिंपीच. सत्तरच्या दशकात याच मैदानात त्यांनी कर्ण्यावरून पुकारायला लावलं, "पडलेल्या पैलवानांचे फाटके सदरे फुकट शिवून मिळतील!" जिंकणाऱ्याला फेटा मिळायचाच, हरलेल्याला कोण विचारतंय?

एकजण फिरकला नाही. साऱ्या गावासमोर 'मी पडलो' म्हणत फाटका सदरा घेऊन कोण येणार? आण्णांना चूक उमगली. त्यांनी एकच शब्द बदलला, "लढलेल्या पैलवानांचे!" लगेच रांग लागली. पुढं त्याच गड्यांच्या लग्नाचे कपडे आमच्याकडं शिवायला आले.

सुजातानं उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली, कर्ण्यावरून आण्णांचाच पुकारा करवला आणि सुईदोरा घेऊन बसली.

थोड्या वेळानं एक पैलवान आला. कानात लाल माती, हातात बटणं तुटलेला सदरा. खाली बघत म्हणाला, "ताई, मी पडलोय. चालंल का?"

सुजाता सुईत दोरा ओवत म्हणाली, "लढला न्हवं? आणा हिकडं."