चांदणीला मारुती दिसला की

सोयाबीनचा भाव पडला की माझ्या आडतीच्या दुकानात माणसं येतात, माल येत नाही. मालाऐवजी किस्से येतात. सध्या रिसोडात त्यातले अर्धे सलीमचाचांच्या चांदणीचे.

चांदणी म्हणजे वरातीची पांढरी घोडी. आज बाप झालेले कितीतरी जण तिच्यावरूनच मांडवात गेले. आता नवरदेव कारच्या छतातून डोकं काढून येतात. चाचांचा पोरगा म्हणाला, "घोडी विकू, ऑटो घेऊ." चाचा तोंड पाडून माझ्याकडे आले. मी म्हटलं, "तलावाच्या बागेत हौशी लोकाईले रपेट मारू देऊ. घोडी तुमची, हरभरा माझा." पोरानं दिवाळीपर्यंत मुदत दिली.

* * *

पहिलं गिऱ्हाईक रिटायर हेडमास्तर. चांदणीला चाल एकच ठाऊक, वरातीची. चार पावलं टाकायची, थांबायचं. सरांच्या पत्नी पायी फेरी संपवून बाकावर टेकल्या, तरी सर पलीकडच्या काठालाच. बाईंनी इकडून हाक मारली, "अहो, जेवाले तरी येसान का?"

* * *

वाशीमचे एक डॉक्टर आले. डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे. तेवढ्यात रस्त्यानं डीजेची गाडी गेली आणि चांदणी नाचायला लागली. डॉक्टरांनी तिच्या मानेला मिठी मारली. फिरायला आलेल्या एका मावशीनं सवयीनं त्यांच्यावरून नोट ओवाळली. डॉक्टर पांढरेफटक होऊन उतरले, तर मावशी विचारते, "पोरीचं गाव कोनतं बापा?"

* * *

खरी अडचण काठावरच्या मारुतीची. आमच्याकडे नवरदेव मांडवात जायच्या आधी मारुतीच्या पाया पडतो. तिथं घोडीला भिजवलेली डाळ मिळते, मगच वरात पुढे सरकते. चांदणीनं हा कायदा तलावावरही चालू ठेवला. मारुती दिसला की खिळली! चाचांनी खिशातून मूठभर डाळ काढली की मगच हालणार.

रिठदच्या एका पोराचं लग्न रखडलं होतं. तो चांदणीवरून मारुतीपर्यंत गेला आणि आठवडाभरात त्याची सोयरीक जुळली. मग काय, बिनलग्नाच्या पोरांची रांगच. एकानं विचारलं, "चाचा, मले नोकरी नाही, चालन का?"

चाचा म्हणाले, "घोडीले चालते रे. पोरीच्या बापाले इचार."

धंदा बरा चालला होता, पण सोयरीक जुळल्यावर पोरं परत कायले येतात?

* * *

दिवाळी झाली. चाचांच्या पोरानं घोडीसाठी हिंगोलीकडचा एक गिऱ्हाईक आणला. सोबत त्याची बायको.

"बसून पाह्यतो," गिऱ्हाईक म्हणाला आणि निघाला. आम्ही सगळे मागे. मारुती आला, चांदणी थांबली. त्यानं टाचा मारल्या, लगाम ओढला, चुचकारलं. घोडी ढिम्म.

"काहून थांबली हे?"

"शेठ, तुमचं लगन झालं का?" चाचांनी विचारलं.

"दोन लेकरं हायेत मले."

"मंग पंचाईत हाये. मारुतीवर हे नवरदेवालेच आनते. तिले वाटून राह्यलं, तुमी दुसरं करून राह्यले."

बायको पदर सावरत पुढे आली. एकदा घोडीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"उतरा खाली," ती म्हणाली. "घोडी-बिडी काही नाही घ्याची."

दोघं बसस्टँडच्या वाटेला लागेपर्यंत चाचांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशातच होता.