माधवच्या गॅरेजमधलं शिसं

माधवच्या मुलीचा, मंजिरीचा, फोन आला तेव्हा मी घरासमोरचा बर्फ काढत होतो. "काका, बाबा गेला," एवढंच म्हणाली. त्याचं हृदय थकलंय हे ठाऊक होतं, तरी फावडं हातात धरून मी तसाच उभा राहिलो... त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

माधव नागपूरचा, मी पुण्याचा. अमेरिकेत ॲन आर्बरला एकाच वर्षी शिकायला आलो आणि इथलेच झालो. बायको गेल्यावर, रिटायर झाल्यावर, त्याला नेमबाजीचं वेड लागलं आणि तो गॅरेजमध्ये स्वतःच बंदुकीच्या गोळ्या ओतायला लागला. टायरच्या रिमला लावायची जुनी शिशाची वजनं वितळवायची, वरची मळी काढायची, पळीने साच्यात ओतायचं. पाण्याचा थेंब पडला तर तापलेलं शिसं अंगावर उडेल म्हणून माझा चहाचा कपही बाहेर ठेवायला लावायचा. इतका जपणारा माणूस! पण शिशाची धूळ बसलेल्या त्याच शर्टाने घरात जायचा आणि दीड वर्षाच्या नातीला, इराला, कडेवर घ्यायचा. मंजिरी नोकरीवर असताना इरा त्याच्याकडेच असे.

नेहमीच्या तपासणीत इराच्या रक्तात शिसं जास्त निघालं. "आमचं घर नवीन आहे, भिंतींना जुना शिशाचा रंग नाही, पाणी टेस्ट केलं... मग येतंय कुठून, काका?" मंजिरी मला विचारत होती. ती कधी गॅरेजमध्ये डोकावलीच नव्हती. समोर बसलेल्या माधवने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान किंचित हलवली. मी गप्प राहिलो.

दोन दिवस मला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे गेलो. इरा आत झोपली होती, त्याच्याच पांघरुणात.

"तू सांगतोस की मी सांगू?"

"ती इराला परत आणणार नाही रे."

"नाही आणणार. पण आत्ता इरा इथेच आहे ना, त्याच धुळीत?"

त्याने माझ्यासमोर फोन लावला. वीस मिनिटांत मंजिरी आली. झोपलेल्या इराला तिने बूटही न घालता उचललं. "You knew, बाबा? दोन दिवस?" मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, काका?"

माधवने साचे, भांडं, उरलेलं शिसं, सगळं घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन दिलं. गालिचे काढून टाकले, माणसं बोलावून घर दोनदा साफ करून घेतलं. सात महिने मंजिरी फिरकली नाही. इराच्या रक्ताचा रिपोर्ट नीट आला तेव्हा ती इराला घेऊन आली. मीही होतो. इरा धावत येऊन त्याच्या गुडघ्यांना बिलगली. पण हा दोन्ही हात पाठीमागे धरून उभा. मंजिरीच म्हणाली, "घे ना तिला, बाबा." पुढे दर वेळी तो तिच्या शब्दाची वाट बघायचा.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा मंजिरीने इराला त्याच्या शेजारी बसवलं. त्याने हात पांघरुणाखाली ओढून घेतला. मंजिरीने तो हात बाहेर काढला, इराच्या मुठीत त्याचं बोट दिलं, आणि त्याला झोप लागेपर्यंत वरून स्वतःचा हात ठेवून बसली...