जपानी डिक्शनरीतले एकोणीस जण

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात कितीही झाडा, कोपऱ्यात सरकी साचतेच, तसे ते साचले. चहाला बसलो की एक जण सांगतो, दुसरा त्यातलं खोटं काढतो आणि तिसरा तेच पुन्हा सांगायला लावतो.

ऑफिस खामगावात, तेलमिलच्या वरच्या मजल्यावर; काम शेतकऱ्यांचा कापूस परदेशी कंपन्यांना विकून द्यायचं. माणसं तीन. पुण्यात जपानी शिकून लग्नानंतर इकडे आलेल्या केतकर मॅडम, मुठीत कापूस धरून त्याची प्रत सांगणारे रफीकभाई आणि कॉम्प्युटरवाला मी.

सगळा मुलूख बीटी बियाण्याची पाकिटं फोडत होता तेव्हा बीबी गावाकडच्या शेतकऱ्यांच्या एका गटाने देशी कापूस धरला होता. गटाचे प्रमुख भास्करभाऊ. बीटीने त्यांचे दोन हंगाम बुडवले, मुलगा वॉचमन म्हणून पुण्याला गेला, मग त्यांनीच घरोघर फिरून लोकांना देशीवर वळवलं. जपानमधली एक टॉवेलवाली कंपनी तो कापूस घ्यायला तयार झाली. अट एकच, लेबलवर शेतात राबणाऱ्यांची नावं हवीत, जपानी लिपीत. ऑर्डर गेली असती तर भास्करभाऊंना गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

जपानी टाइप करायचं म्हणजे उच्चार टाइप करायचा आणि स्पेस दाबायची. मग कॉम्प्युटर विचारतो, यातलं कोणतं? त्या बिचाऱ्याला बीबी काय, सरकी काय, काय ठाऊक! म्हणून आपले शब्द आपणच त्याच्या डिक्शनरीत भरायचे. तीन कॉम्प्युटर, तीन डिक्शनऱ्या. त्या एकत्र करायला, गाळायला, तपासायला मी काळ्या पडद्यावर चालणाऱ्या कमांडी लिहिल्या होत्या. दोन ओळी टाइप करायच्या आणि एंटर. फार रुबाब होता हो तेव्हा आमचा!

*

डिक्शनरीत शब्दच काय, अख्खा परिच्छेद भरता येतो, हे रफीकभाईंना सांगितलं ती माझी चूक.

जपानी पत्रात उशिराबद्दल माफीचा एक लांबलचक परिच्छेद लागतो. रफीकभाईंनी तो एकाच अक्षरावर बसवला. ते अक्षर कोणतं, तर 'अ'! मी कमांड चालवली आणि तो परिच्छेद तिन्ही कॉम्प्युटरांवर पोचला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी घाईघाईत पत्र लिहिलं, "कापसाच्या नमुन्याची गाठ रवाना झाली." स्पेस, एंटर, स्पेस, एंटर. जिथे सुटा 'अ' आला तिथे तो परिच्छेद उमटला आणि पत्र गेलं ते तीन ठिकाणी माफी मागत.

जपानहून उत्तर आलं, "नेमकं काय घडलं? आमच्याकडून काही चुकलं असल्यास क्षमा करावी." मॅडमनी माफीबद्दल माफी मागितली. त्यांनी चौकशीबद्दल मागितली. आठवडाभर दोन्ही देश हेच करत होते!

रफीकभाई म्हणाले, "तहजीबवाले लोक हायेत म्याडम. चालू द्या!"

*

एकच शब्द दोनदा आला की एक उडवायचा, अशीही माझी कमांड होती. डिक्शनरीवर झकास चालायची. एकदा हात शिवशिवले म्हणून तीच मी नावांच्या यादीवर चालवली.

आमच्या जिल्ह्यात घरटी एक गजानन! लेबलसाठी नुसती पहिली नावं घेतली होती. एकोणीस नावांची यादी पंधरावर आली आणि तशीच छपाईला निघाली. यादीची मराठी प्रत भास्करभाऊंकडेही गेली होती, वेळेवर त्यांचा फोन आला म्हणून वाचलो.

"काऊन बे, आमचे चार गजानन काय बोंडअळीनं खाल्ले?"

मी म्हटलं, "एक ठेवला आहे ना भाऊ."

"कोणता ठेवला थे सांग. बाकीचे चार इथंच बसून राह्यले!"

*

लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्हाला पाठ होतं, पण लाइटीलाच ते पाठ नव्हतं. डिक्शनऱ्या एकत्र होत असतानाच लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल होती, आत एकही शब्द नव्हता. मॅडम रडायच्याच बाकी होत्या.

रफीकभाईंनी शांतपणे ड्रॉवरमधून वही काढली. पहिल्या दिवसापासूनचा एकेक शब्द त्यांनी उतरवून ठेवला होता. सगळा उर्दूत!

मग रफीकभाई उर्दू वाचणार, मॅडम त्याचं जपानी करणार आणि मी भरणार. दोन दिवस लागले.

"तुह्या मशीनले लाइट लागते," रफीकभाई म्हणाले, "माह्या वहीले नाही लागत!"

*

लेबलं छापण्याआधी कंपनीने सातोसान नावाच्या साहेबांना पाठवलं. प्रत्येक नावाला समक्ष भेटायचं, त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. एक नाव जरी खोटं निघालं तर ऑर्डर रद्द.

सकाळी मी तपासणीची कमांड चालवली. यादीतलं प्रत्येक नाव डिक्शनरीत आहे का? आहे. 'व्यक्तीचं नाव' म्हणून भरलंय का? भरलंय. चुका शून्य! तो कागद छापून खिशात घातला आणि बीबीला गेलो.

शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. मॅडम नाव वाचायच्या, माणूस पुढे यायचा. पाचही गजानन एका रांगेत आले, सातोसाननी प्रत्येकाला नमस्कार केला. अठरा झाले.

"माणिक," मॅडमनी वाचलं.

कुणीच उठेना. मॅडमनी पुन्हा वाचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी रफीकभाईंकडे.

"फॉर्म भरताना फोनवर भास्करभाऊनंच तं हे नाव सांगतलं," ते पुटपुटले.

सातोसानचं पेन थांबलं. माझ्या खिशातला तो शून्य चुकांचा कागद घामाने भिजला.

भास्करभाऊ उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हाये," ते म्हणाले, "बाहीर हाये." आणि कडुनिंबाखाली बांधलेला आपला पांढरा बैल सोडून ओट्याजवळ घेऊन आले.

"तुमच्या फॉर्मात इचारलं होतं, वावरात कोण कोण राबते. पोरगं गेलं पुण्याले. आता मी आन् हा माणिक!"

मॅडमनी ते जपानीत सांगितलं. अख्खं गाव सातोसानकडे बघत होतं.

सातोसान ओट्यावरून उतरले. बैलासमोर ताठ उभे राहिले आणि कमरेत वाकून त्यांनी नमस्कार केला. मग बॅगेतून शाईचं पॅड काढून पुढे धरलं.

भास्करभाऊ खाली बसले, माणिकचा पुढचा पाय उचलला, खुराची माती धोतराने पुसली आणि मॅडमना म्हणाले, "त्याईले इचारा ना म्याडम, डावा लावू का उजवा?"