जवानांच्या आयांचे फोटो

“आता मला विसरा,” असं म्हणून अण्णा कॅमेऱ्याला डोळा लावायचे. भिंगारच्या त्यांच्या स्टुडिओत नव्या गणवेशात ताठ बसलेला जवान त्यांना खरोखर विसरेपर्यंत ते खटका दाबत नसत. समोरच्या खोलीत राहणारा मी लष्करी कचेरीतला साधा कारकून. पण कोणी मला विसरावं हे मला कधीच सहन झालं नाही.

जवान घरी पाठवायला फोटो काढून घ्यायचे. अण्णा प्रत्येकाला विचारत, “आन् आईचा फोटू हाय का तुज्यापाशी?” बहुतेकांकडे नसायचा. मग अण्णा गावाचं नाव लिहून घेत, रविवारी एस.टी.नं तिथं जात, आईचा फोटो काढत आणि लेकाला टपालानं पाठवत. सगळं पदरमोड करून. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. तरी मी सोबत जायचो, कारण खेड्यात लोक मला साहेब समजायचे.

बांगलादेशची लढाई नुकतीच संपली होती. सोपान नावाच्या जवानाच्या आईचा फोटो काढायला आम्ही खर्ड्याजवळच्या एका गावी निघालो. टेरिलिनची पँट, कोट, काळा चष्मा, आणि रुबाब कमी पडू नये म्हणून काखेत कचेरीची फाइल. आत सगळे कोरे कागद.

म्हातारी दारात उभी राहून तूर पाखडत होती. मी घसा खाकरला. “सोपानची आई तुम्हीच ना? आम्ही लष्कराकडून आलोय.”

तिच्या हातातलं सूप पडलं. “कवा गेला माजा सोपान?” एवढंच म्हणून ती मटकन खाली बसली.

मला अजूनही काही उमगलं नव्हतं. अण्णांना उमगलं. ते तिच्यापुढे मातीतच बसले. “आई, सोपान धडधाकट हाय. त्याला तुमचा फोटू पायजे, येवढंच. हे आमचे भाऊसाहेब जरा येडे हायेत.” तिनं तीनदा विचारलं, अण्णांनी तीनदा सांगितलं. मी फाइल पाठीमागे लपवली. तेव्हाची शरम अजून गेलेली नाही.

“अण्णा, उरका, शेवटची गाडी जाईल,” मी तरीही म्हणालोच.

“असं भ्यालेलं तोंड धाडू व्हय पोराला?”

दुपारभर ते सोपानच्या लहानपणीच्या खोड्या ऐकत बसले. उन्हं कलली. म्हातारीनं भाकरी आणि ठेचा वाढला. मी साहेबी थाटात ठेच्याचा भला मोठा घास घेतला आणि दुसऱ्याच क्षणी चष्मा फेकून कोटासकट रांजणाकडे धावलो.

“अवं सायेब, दमानं! मिरची हाय ती, लष्कराला भीत न्हाई!” म्हातारी तोंडभर हसली. तेवढ्यात खटका वाजला.

गाडी अर्थातच चुकली. “भाऊसाहेब, आज तुमचा उपयोग झाला,” अण्णा म्हणाले.

वर्षभरानं सोपान सुटीवर आला, तो थेट अण्णांना भेटायला. अण्णा आदल्याच महिन्यात गेले होते, अगदी अचानक. दुकानाला कुलूप होतं आणि हे सांगायला मीच तेवढा होतो. तो दुकानाच्या पायरीवर बसला. मग त्यानं खिशातून तो फोटो काढला. घड्यांवर पार चिरला होता.

“बाप गेल्यापास्नं आई हसल्याली म्या बगितली न्हवती. ह्यात कुनाकडं बगून हसतीय वो?”

“माझ्याकडं,” मी म्हणालो. स्वतःच्या फजितीची गोष्ट मी पहिल्यांदाच छाती फुगवून सांगितली, आणि अण्णांनीही ती ऐकावी म्हणून सवयीनं दुकानाकडे वळलो.