खिडकीतल्या झाडाचा उतारा

माझी सून लाँड्रीत कामाला होती. शर्ट हातात घेतला की सांगायची, हा माणूस उजव्या खांद्याला पिशवी लावतो, हा जेवताना पेपर वाचतो. मी म्हणायची, "बाई गं, माझे कपडे मीच धुते ते बरं."

माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, नोकरीसाठी परगावी राहायचा. एका दुपारी तिथेच, बसल्या जागी गेला. सगळे म्हणाले, अचानक गेला. आम्हीही तेच म्हणत राहिलो. पुढे हिने शाळेत शिकवायचं मनावर घेतलं. त्यासाठी साहित्याचा पेपर सुटायला हवा होता. दोनदा राहिला. वयाच्या अटीमुळे तिसरी खेप शेवटची.

पाठ केलेलं सगळं तिला घडाघडा यायचं. गाडी अडायची ती अपठित उताऱ्यापाशी. म्हणजे कधी न वाचलेली कविता नाहीतर गद्य पुढ्यात टाकायचं आणि विचारायचं, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे? मी चौथीतून घरी बसलेली. मी म्हटलं, "त्यालाच का नाही विचारत?"

"आई, तो कुठे असतो तिथे? कागदावर आहे तेवढंच आपलं."

शिकवणीच्या सरांनी तिला तीन प्रश्न दिले होते. कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि काय बोलायचं टाळतंय? ते तिने स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले आणि सराव माझ्यावर सुरू केला. "आई, 'भूक नाही' असं दोनदा म्हणालात. भाजी खारट झालीय ना?" झालेली असायची.

महिन्याभरात घरातलं वाचण्यासारखं सगळं संपलं. एकदा वाचलं की ते अपठित कसलं? औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा सोडला नाही आम्ही. पेपर आठ दिवसांवर आला तेव्हा मी माझी अक्कल चालवली. मुलाची मला आलेली पत्रं कपाटात होती. माझी म्हणून तिने कधी उघडली नव्हती. त्यातलं सगळ्यात आनंदाचं निवडलं. त्याच्या आठवणीने अभ्यास बुडायला नको, म्हणून वरचं 'प्रिय आई' आणि खालचं नाव गाळलं, माझ्या वाकड्या अक्षरात उतरवून काढलं आणि एका पुस्तकातला उतारा म्हणून तिच्यापुढे ठेवलं.

"कचेरीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर खिडकी आहे. रोज तिथे थांबून बाहेरचं झाड बघतो. आजवर सगळं घाईतच झालं, आता जरा निवांत चालायचं ठरवलंय. पट्ट्याला एक भोक वाढवून घेतलं. इतका सडपातळ झालोय की तू ओळखणार नाहीस."

हे पत्र आलं तेव्हा मी आळीभर सांगितलं होतं, पोरगं ताळ्यावर आलं, झाडं बघायला लागलं.

तिने दोनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या. "आई, हा माणूस आजारी आहे."

"छे गं! झाड बघतोय तो."

"रोज? त्याच मजल्यावर? त्याला दम लागतोय. श्वास मिळेपर्यंत झाड बघतो. आणि त्याला हे माहीत आहे. ज्याला लिहितोय त्याला कळू नये म्हणून झाड मध्ये आणलंय." मग पेन्सिल कानामागे खोवली. "बरोबर ना? पुस्तकात काय उत्तर दिलंय?"

खरं सांगितलं असतं तर पोर पेपरला बसलीच नसती.

"हेच दिलंय," मी म्हटलं, आणि न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला.

पेपर सुटला, शाळा मिळाली. निकाल लागला की सांगू म्हटलं, मग पहिलं वर्ष सरू दे म्हटलं. सहा वर्षं झाली. नव्या वर्गाला ती पहिला उतारा तोच देते. म्हणते, चाळीसातली तीसएक मुलं दुसऱ्या वाचनात ओळखतात. मी ते पत्र किती वेळा वाचलं होतं, ते विचारू नका.

परवा शाळेतून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, आज एका मुलीने विचारलं, ज्याला हे पत्र आलं त्याला कळलं असेल का हो?"

"मग?"

"म्हटलं, उताऱ्यात नाही ते लिहायचं नाही. मार्क मिळत नाहीत."

मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ती बघत उभी राहिली.

"आई, या टॉवेलची तुम्ही तिसऱ्यांदा घडी घालताय."

ती माझ्यासमोर खाली बसली. मी कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडायला उठले.