दोन हजार अठ्ठेचाळीसचा फरक

प्रेमला भोईर आमच्या नेरूळच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायची. माहेर जवळच, शिरवण्याचं. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा तिने पहिल्या झटक्यात पास केली होती. सोसायटीच्या नोटिसा, पोरांच्या कॉलेजचे प्रोजेक्ट, सिडकोला द्यायचे अर्ज, सगळं तिच्याकडे यायचं. दुपारी बिल्डिंगमध्ये शिरलं की तिच्या टाइपरायटरचा आवाज जिन्यापर्यंत यायचा.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्यावर गीतांजली देवस्थळी राहायला आली. दादरची, वयाने प्रेमलापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तिच्याकडे कॉम्प्युटर होता, प्रिंटर होता, मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर होतं. महिन्याभरात प्रेमलाच्या दारावरून लोक कागद घेऊन थेट वर चढायला लागले.

"खोटं नाही सांगत," प्रेमला मला पुढे कित्येक वर्षांनी म्हणाली, "जिन्यात चपलांचा आवाज आला की मी मोजायचे. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर थांबला की माझं जेवण जायचं नाही."

श्यामसुंदर ठाकूर सरही तिसऱ्या मजल्यावर गेले, हे तिला सगळ्यात लागलं. ठाकूर सर शिरवण्याच्या शाळेत तिचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर शिरवण्या-सारसोळ्याकडच्या बोलीतले शब्द त्यांनी गोळा केले होते. मिठागरातले, जाळ्यातले, लग्नातल्या गाण्यांमधले, साडेतीन हजारांच्या वर. त्याचा कोश करायचा होता. तिने त्यांना जिन्यात गाठलं.

"सर, माझ्याकडे का नाही आलात?"

"अगो, रोज नवा शब्द सापडतो. मधे घालायचा तर टाइपरायटरवर अख्खं पान पुन्हा. तिच्या मशीनवर नुसता सरकवला की झालं." सरांनी चष्मा पुसला. "तू मनाला लावून घेऊ नको."

तिने लावून घेतलंच. आपल्या घरातले शब्द, आणि टाइप करणार ही दादरची. वरून गीतांजली सरांना विचारायची म्हणे, "इथे पाणीऐवजी पानी लिहिलंय, दुरुस्त करू का?" सर हसत हसत हे सांगायचे. प्रेमलाला हसू यायचं नाही.

तिने वाशीला कॉम्प्युटरचा क्लास लावला. नवरा देवजी केमिकलच्या कंपनीत होता. कंपनीने जुनी मशिनं मोडीत काढली तेव्हा त्यातलं एक तो रिक्षात मांडीवर धरून घेऊन आला. क्लासमधल्या जाई मॅडम कडक होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "मशीन निरोगी असताना मेमरीचा आकडा वहीत लिहून ठेवा. रोज सकाळी तपासा. कमी दिसला तर समजा, कोणीतरी आत येऊन बसलंय." आणि सगळ्यांना एकेक फ्लॉपी दिली. मशीन चालू करण्यापुरतं सगळं आणि व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम, दोन्ही तिच्यात होतं. कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवून बंद केलेली, म्हणजे तिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नाही.

प्रेमलाने आकडा वहीत लिहिला: सहा लाख पंचावन्न हजार तीनशे साठ. रोज अंघोळ झाली की ती मशीन लावून तो बघायची.

पंच्याण्णवच्या ऑगस्टमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी एक फ्लॉपी घेऊन आले. "मेंबरांची यादी आहे. देवस्थळी वहिनींनीच केलीय, पण त्या सरांच्या पुस्तकात बिझी आहेत. तुम्ही जरा नवी नावं टाकून द्या." म्हणजे तिचं उरलंसुरलं. प्रेमलाने तोंड वाकडं न करता घेतलं. काम चालू असताना लाइट गेले. परत आले तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं, पण फ्लॉपी आतच राहिली होती. स्क्रीनवर सूचना आली की ही फ्लॉपी काढा आणि कुठलीही कळ दाबा. तिने काढली, कळ दाबली, आणि यादी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी आकडा आला सहा लाख त्रेपन्न हजार तीनशे बारा. तिने वही बघितली. पुन्हा स्क्रीन बघितला. दोन हजार अठ्ठेचाळीस कमी होते.

तिने घाई केली नाही. मशीन पूर्ण बंद केलं. मॅडमची फ्लॉपी घातली, मगच चालू केलं आणि तपासायला लावलं. मिनिटभराने लाल अक्षरांत ओळ आली: डिस्कच्या अगदी सुरुवातीलाच व्हायरस बसला होता. मग सोसायटीची फ्लॉपी तपासली. तिच्यातही तोच. कालच्या सकाळपर्यंत आकडा बरोबर होता, आणि मधल्या वेळात ही एकच फ्लॉपी आत गेली होती; लाइट आल्यावर मशीनने आधी तीच वाचली होती. आली होती तिसऱ्या मजल्यावरून.

मशीन साफ केलं. आकडा पुन्हा जागेवर आला. आणि प्रेमला, तिच्याच शब्दांत, "खुर्चीत बसून हसले. एकटीच."

एवढी शिकलेली, दादरची, नव्या मशीनवाली, आणि तिच्या घरात काय शिरलंय हे तिलाच माहीत नाही! वर जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली असती. ती गेली नाही. बुधवारी पाण्याच्या टाकीपाशी गीतांजलीच भेटली.

"प्रेमलाताई, तुमचं मशीन हल्ली काही त्रास देतं का हो? माझ्या एका फ्लॉपीतल्या फायली दिसेचनात. पावसाने असेल का?"

"माझं बरंय बाई," प्रेमला म्हणाली. "तुमचं नवीन आहे ना, नवीनच त्रास देतं."

संध्याकाळी तिने देवजीला सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"तुना सांगायचं नसंल तं नको सांगू," तो म्हणाला. "पन मास्तरांचं पुस्तक हाय ना तिकरं?"

ती त्याच्यावर डाफरली. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी ठाकूर सर जिना उतरताना दिसले. कठड्याला धरून, एकेक पायरी. तिने पाणी दिलं.

"मशीनमध्ये जागा नाही म्हणून गीतांजलीने 'म'पासूनचे शब्द दोन फ्लॉप्यांवर काढून ठेवले होते," सर म्हणाले. "दोन्ही कोऱ्या निघाल्या. पाच महिन्यांचं काम. बिचारी रडत होती, मी काय बोलणार?"

प्रेमला तशीच उठली. मॅडमची फ्लॉपी पदराखाली घेतली आणि तीन मजले चढली.

गीतांजलीचे डोळे सुजले होते. प्रेमलाने मशीन बंद करायला लावलं, आपली फ्लॉपी घालून चालू केलं. तीच लाल ओळ आली.

"हे काय आहे?"

"व्हायरस. मला सोमवारपासून माहीत होतं."

गीतांजली तिच्याकडे बघत राहिली. "मी तुम्हाला टाकीपाशी विचारलं होतं."

"हो."

"मग का नाही बोललात?"

"तुमच्यावर जळत होते म्हणून," प्रेमला म्हणाली. दुसरं कारण नव्हतंच.

मग गीतांजलीने कपाट उघडलं आणि फ्लॉप्यांचे डबे काढून तिच्यापुढे ठेवले. बेचाळीस फ्लॉप्या होत्या. प्रेमला एकेक तपासत गेली. सतरांत व्हायरस निघाला. सरांच्या दोन फ्लॉप्या आधीच गेल्या होत्या. टाकीपाशी ती खरं बोलली असती तर त्यातली एक तरी वाचली असती, कारण ती फ्लॉपी गीतांजलीने गुरुवारी घातली होती. प्रेमलाने हेही तिला सांगून टाकलं.

सरांच्या हस्तलिखित वह्या होत्या, पण अक्षर म्हातारपणाचं. गीतांजलीला निम्मे शब्द लागत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून प्रेमला दुपारी वर जायला लागली. वही हातात धरून ती वाचायची, गीतांजली टाइप करायची. शब्द अडला की प्रेमला तो वापरून दाखवायची, आजी कशी बोलायची तसं. सात आठवडे लागले. कामापलीकडे गीतांजली तिच्याशी एक शब्द बोलली नाही. चहा मात्र द्यायची.

पुढच्या वर्षी कोश छापून आला. प्रस्तावनेत सरांनी आधी गीतांजलीचे आभार मानले होते, मग प्रेमलाचे. कोणाला किती ओळी मिळाल्या, तेही प्रेमलाने मोजलं. गीतांजलीला अडीच, तिला दोन.

"तेव्हाही पोटात दुखलंच गो," ती मला म्हणाली. "काय करू, स्वभाव."

पण त्यानंतर बाहेरून आलेली एकही फ्लॉपी गीतांजलीने तपासल्याशिवाय आपल्या मशीनमध्ये घातली नाही, आणि तपासायला ती खाली प्रेमलाकडेच पाठवायची. अठ्ठ्याण्णवला तिने रंगीत प्रिंटर घेतला. त्याच्यासोबत आलेल्या फ्लॉप्याही खाली आल्या. प्रेमलाने त्या तपासल्या, स्वच्छ असल्याचं चिठ्ठीवर लिहिलं आणि स्वतःच वर घेऊन गेली, कारण प्रिंटर कसा आहे ते तिला बघायचं होतं.